वाजवणाऱ्याची सुट्टी

"तुमच्या नगरला समुद्र कुठाय हो?" हा प्रश्न मला आजवर किती जणांनी विचारला असेल, त्याची गणती नाही. विचारणारा प्रत्येक जण असा हसतो, जणू ही कोटी जगात त्यालाच पहिल्यांदा सुचली. पहिली दोन वर्षं मी उत्तर द्यायचो. म्हणायचो, "समुद्र नाही म्हणूनच गाणी म्हणावी लागतात. असता तर पोहलो नसतो का?" आता तेही सोडलं. हसा लेको, म्हणतो, आणि पुढं चालायला लागतो.

आमचं मंडळ चाच्यांची गाणी म्हणतं. समुद्रावरचे दरोडेखोर, जहाजं लुटणारे, बंदरातून पळालेले खलाशी, असल्या लोकांची. गाणी आमची आम्हीच रचतो, चाली मात्र इथल्या मातीतल्याच. भिंगारमध्ये आम्हाला 'बिनपाण्याचे चाचे' म्हणतात. म्हणेनात का! आम्ही चौघं. गाणाऱ्या बाई शाळेत भूगोल शिकवतात. बेंजो वाजवणाऱ्याचा केडगावला मंडपाचा धंदा आहे, म्हणून त्याला आम्ही मंडपवालाच म्हणतो. ढोलकीवर त्याचा मेहुणा, जो फक्त ताटावर बसला की बोलतो. आणि हलगीवर मी. मी लष्कराच्या वर्कशॉपात सिव्हिलियन फिटर. गाडीखाली उताणं पडून नट पिळणं हा माझा खरा उद्योग. आमच्यापैकी समुद्र पाहिलेला एकटा मेहुणा, आणि तो काही सांगत नाही.

सुरुवात झाली शाळेच्या स्नेहसंमेलनात. बाईंनी सहावीच्या पोरांचं चाच्यांवरचं नाटक बसवलं होतं. माझी मुलगी त्यात डोळ्याला दुर्बीण लावून उभी राहणार होती, म्हणून पत्र्याचं जहाज करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. स्टेज मंडपवाल्याचं. तालमीत तोफ उडवायची वेळ आली तेव्हा बाई ओरडल्या, "अहो, कुणीतरी काहीतरी दणदणीत वाजवा की!" कोपऱ्यात लेझमीच्या सामानात शाळेची हलगी पडली होती. मी हातातला पाना खाली ठेवला, हलगी उचलली आणि तिच्याबरोबरची आखूड काडी, म्हणजे टिपरू, हाणलं. तोफ उडाली. पोरं खूश झाली. आणि मी पुन्हा हाणलं, पुन्हा हाणलं, आणि नाटकात एकच तोफ असताना अकरा उडवल्या.

तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा हलगीला हात लावत होतो. आमच्या घरात ही साधी गोष्ट नव्हती. का, ते सांगतो.

आमचं गाव काष्टीच्या पलीकडं. आजोबांच्या काळापर्यंत गावाचं डफडं आमच्या घराकडं होतं. आमच्याकडं हलगी म्हणत नाहीत, डफडंच म्हणतात, आणि तो शब्द थुंकल्यासारखा म्हणतात. घराकडं होतं म्हणजे मानानं नव्हे. लग्न असो, मयत असो, पोळ्याला कुणाची बैलं निघोत, बोलावणं आलं की जायचं. वाजव म्हटलं की वाजवायचं, थांब म्हटलं की थांबायचं, आणि शेवटी दाराबाहेर उभं राहून उरलंसुरलं पदरात घ्यायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीनं जी कामं एकदम सोडली, त्यात हे एक. आजोबांनी डफडं नेऊन ओढ्यात टाकलं. ही गोष्ट माझ्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, मला लहानपणापासून इतक्यांदा सांगितली आहे, की तो ओढा मला डोळ्यांसमोर दिसतो. गोष्टीत आजोबा असायचे, डफडं असायचं, ओढा असायचा. आण्णा स्वतः कुठंच नसायचे. आणि मीही कधी विचारलं नाही, की आण्णा, तेव्हा तुम्ही कुठं होता?

तर स्नेहसंमेलनानंतर महिनाभरात मी नगरच्या बाजारातून स्वतःची हलगी घेतली. कातड्याची. मंडपवाला म्हणत होता, "फायबरची घे, निवांत असतं, ऊन नाही पाऊस नाही." मी म्हटलं, वाजवायची तर खरी वाजवीन, नाहीतर ताट-वाटी वाजवीन. माझा स्वभाव असाच आहे. बायको म्हणते, सरळ रस्ता दिसला की तुम्ही वळता.

आण्णा राहुरीकडच्या साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि आई गेल्यावर माझ्याकडं भिंगारला आले. हलगीचं त्यांना शेजाऱ्याकडून कळलं. संध्याकाळी मी कामावरून आलो तर खाटेवर बसून होते. म्हणाले, "जे वढ्यात टाकलं, ते तू बाजारात जाऊन इकत आनलंस."

बस, एवढंच. वाजवू नको म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर किती बरं झालं असतं! मी भांडलो असतो, चार शब्द त्यांनी ऐकवले असते, चार मी, आणि प्रकरण मिटलं असतं. पण ते एक वाक्य बोलून गप्प झाले, आणि पुढची पाच वर्षं त्या विषयावर गप्पच राहिले. हलगी मी घरात आणली नाही. मंडपवाल्याच्या गोदामात, गाद्यांच्या थप्प्यांमागं ठेवली. सरावही तिथंच. वाजवायच्या आधी गोदामाच्या पत्र्यावर पाच मिनिटं उन्हात ठेवायची, की पान, म्हणजे वरचं कातडं, असं ताणून चढायचं, की नखानं टिचकी मारली तरी ठण्ण. शेकायची वगैरे असते हे मी ऐकून होतो, पण नगरच्या उन्हात कशाला हवीय शेकोटी? सूर्य फुकट होता.

पाच वर्षांत आमचे पुष्कळ कार्यक्रम झाले. गणपतीत, शाळांत, एकदा तर एका डॉक्टरांच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला, जिथं आलेले पेशंट गाणी ऐकत बसले आणि तपासायला कुणी आत जाईना. मंडपवाल्याच्या हट्टापायी आम्ही एका डोळ्यावर काळी पट्टी बांधायचो. मी दुसऱ्याच कार्यक्रमात ती काढून टाकली. एका डोळ्यानं अंदाज चुकतो, टिपरू पानाऐवजी बोटावर बसतं. चाचे कसे लढत असतील कोण जाणे.

प्रत्येक कार्यक्रमाला मी घरी सांगून निघायचो, आण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात. आणि प्रत्येक वेळी पुढच्या रांगेत नजर टाकायचो. खरं सांगायचं तर मला एवढंच हवं होतं: आण्णांनी एकदा समोर बसून ऐकावं. मग खुशाल शिव्या द्याव्यात, खुशाल म्हणावं, बापजाद्यांनी जे टाकलं ते तू चाटलंस. पण ऐकून म्हणावं. आपण करतो आहोत ते बरोबर आहे की त्यांच्या तोंडावर टाकलेली थुंकी आहे, हे मला दुसरं कोण सांगणार होतं? लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्यांचं काय घेऊन बसलात, त्या कुणीही वाजवतं.

एका ठिकाणी तर कमालच झाली. पाहुणे भाषणात म्हणाले, "यांना काय शिकवायचं? वाजवणं यांच्या रक्तातच आहे." लोकांनी माना डोलावल्या. माझं डोकं असं सटकलं, की मी सरळ माईक ओढला. म्हटलं, "साहेब, माझ्या रक्तात साखर आहे, जेवणानंतर दोनशे दहा. वाजवणं मी मोबाईलवर बघून शिकलो. सहा महिने बोटांना फोड होते. फोडांचे फोटो आहेत, दाखवू?" बाई मागून माझा शर्ट ओढत होत्या. त्या दिवशी घरी आल्यावरही माझी बडबड थांबेना. बायकोला सगळं दोनदा ऐकवलं. आतल्या खोलीत आण्णा जागेच होते. खाकरले, आणि कूस बदलली.

आता चाचेच का, हेही लोक विचारतात. बाईंमुळे. बाईंना वाचनाचं वेड, आणि मला प्रश्न विचारायचं. गोदामात तालीम संपली, की गादीच्या थप्पीवर बसून मी त्यांना पिडायचो. जहाजावर प्यायचं पाणी किती दिवस पुरायचं? चहूकडं पाणी आणि प्यायला नाही, हे त्यांना सोसायचं कसं? (ते आमच्या वस्तीला विचारा म्हणा.) आजारी पडला तर कोण बघायचं? झाडलोट कोण करायचं? मेलेल्याला कोण उचलायचं? ज्याचा बाप झाडायचा त्यानंच झाडायचं, असं होतं का?

"नाही हो," बाई म्हणाल्या. "कामं वाटून घ्यायचे. कप्तानसुद्धा ते आपसात मतं देऊन निवडायचे म्हणे, आणि नाही पटला की बदलायचे. पण तुम्ही उगाच त्यांना डोक्यावर घेऊ नका. चोर होते ते. खुनी होते."

"ते कळलं," मी म्हटलं. "पण वाजवणारा? जहाजावर वाजवणारा असायचा का?"

बाईंनी पुढच्या रविवारी पुस्तकच आणलं. असायचा. काही जहाजांवर तर चाच्यांनी एकत्र बसून नियम लिहून काढले होते, आणि त्यांत वाजवणाऱ्याचाही एक नियम होता. आठवड्यातला एक दिवस त्याची सुट्टी. त्या दिवशी त्याला कुणी वाजव म्हणायचं नाही.

मी बाईंना ते दोनदा वाचायला लावलं. चोरांनी, खुन्यांनी, समुद्राच्या मध्यात बसून हे लिहिलं होतं. आणि आमच्या गावात, जिथं सगळे सज्जन, तिथं हे कुणाला सुचलं नव्हतं. त्या आठवड्यात आम्ही एक गाणं केलं, आणि आमचं तेच गाणं लोकांना सगळ्यात जास्त आवडतं:

पाण्याला नाही वेस गं, पाण्याला नाही शीव,
जहाजावरती एकसारखा ज्याचा त्याचा जीव.

रात्रीच्या जेवणाला मी ही सुट्टीची गोष्ट बायकोला सांगितली. म्हणजे सांगितली बायकोला, पण रोख आण्णांकडं. ते भाकरी कुस्करत होते. हात थांबला.

"वाजवनाऱ्याला सुट्टी?" म्हणाले.

पाच वर्षांत पहिला प्रश्न! मी घास तसाच गिळला. "हो, आण्णा. एक दिवस."

"आन् त्या दिशी कुनी वाजव म्हनलंच तर?"

"तर त्यानं नाही म्हणायचं. तसा नियमच होता."

"आन् त्याला कुनी मारायचं न्हाई?"

"नाही."

आण्णांनी कुस्करलेली भाकरी जवळ ओढली. मग म्हणाले, "लई शानी मानसं हुती की," आणि जेवायला लागले.

पुढं श्रावणात आम्हाला अकोले तालुक्यातून बोलावणं आलं. धरणाच्या काठावरचं एक गाव, तिथली शाळा. मुख्याध्यापिका म्हणजे आमच्या बाईंची मैत्रीण. मंडपवाला म्हणाला, "चला, आपल्या जिल्ह्यातला समुद्र तरी बघू." निघायच्या आदल्या दिवशी आण्णांनी मला हाक मारली.

"मीबी येतो. कारखान्यात जलम गेला ज्या पाटाच्या पान्यावर, ते कुठनं येतंय ते बघायचंय." मी खूश होऊन तोंड उघडणार तोच त्यांनी बोट उगारलं. "धरन बघायला येतोय. तुझं वाजवनं ऐकाया न्हाई."

"नका ऐकू," मी म्हटलं. "पण या."

नगरहून निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. मी हलगी टेम्पोच्या पुढच्या काचेपाशी ठेवली, वाटेत ऊन खाईल म्हणून. काय हुशारी! राहुरीपर्यंत ऊन, संगमनेरला आभाळ, आणि अकोल्याच्या पुढं जे धुकं सुरू झालं ते असं, की मेहुण्यानं खिडकीतून हात बाहेर काढून आत घेतला आणि पँटला पुसला. भात हिरवागार. रस्त्याच्या कडेचा प्रत्येक दगड गळत होता. भिंगारला आम्ही ओला टॉवेल दोरीवर टाकतो आणि चहा होईस्तोवर काढतो. इथं घराघरांच्या पडव्यांत कपडे नुसते लटकत होते, वाळायचं नाव नाही. "इथं तीन आठवड्यांत ऊन पडलं नाही," मुख्याध्यापिका अशा सहज म्हणाल्या, जसं आम्ही म्हणतो पाऊस पडला नाही.

आण्णांनी आधी धरण बघितलं. काठावर उभे राहिले, हात मागं बांधून. पलीकडचा काठ धुक्यात दिसतच नव्हता. किती तरी वेळानं म्हणाले, "मोप हाय," आणि एवढ्यावर धरणाचा विषय संपला. कार्यक्रम शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता, तीन बाजूंनी उघड्या. आण्णांनी एक खुर्ची उचलली, शेडच्या टोकाला नेली, पाण्याकडं तोंड आणि आमच्याकडं पाठ करून बसले. बोलले तसंच केलं. म्हाताऱ्याचा शब्द म्हणजे शब्द.

गावातली माणसं जमली. पोरं पुढं. मी हलगी खांद्याला लावली, डाव्या हातात लांब काडी, उजव्यात टिपरू, आणि एक ठोका टाकला.

भद्द.

ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. मी पुन्हा मारला. भद्द. पान बोटानं दाबलं तर पुरीसारखं आत गेलं. हलगी साफ उतरली होती. पाच वर्षं मी ती उन्हावर चढवली होती, आणि ऊन सोडून दुसरं काही माहीत करून घेतलं नव्हतं. कोरड्या गावचा शहाणा! सोबत ना काड्यापेटी, ना जाळायला काही, ना दुसरी हलगी. मी धावत जाऊन ती टेम्पोच्या इंजिनवर धरली. शेवटी फिटरचंच डोकं. एक कड जरा कोमट झाली आणि ऑईलचा डाग पडला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, केस वाळवायचं यंत्र आहे घरी, पण वीज सकाळपासून नाही.

"म्हटलं होतं, फायबरची घे," मंडपवाला म्हणाला.

"तोंड बंद ठेव!" मी त्याच्यावर असा ओरडलो की पुढची पोरं दचकली. मग मला रडूच यायला लागलं, खोटं कशाला बोलू. आज आण्णा तीस पावलांवर होते. पाठ करून का होईना, होते. कानाला काही पाठ नसते. आणि आजच त्यांना ऐकू काय जात होतं, तर भद्द. मी वेड्यासारखा पुन्हा ठोका टाकला. भद्द.

आण्णांनी मान वळवली.

मी थांबलो. ते उठले, हळूहळू चालत आले आणि हात पुढं केला. "आन हिकडं."

मी दिली. हलगी त्यांनी ज्या तऱ्हेनं घेतली, ते बघून मी बावळटासारखा बघतच राहिलो. अनोळखी वस्तू अशी घेत नाहीत. कड तळव्यात, अंगठा आतून, पान अंगाकडं, पावसापासून झाकून. काही न बोलता ते समोरच्या घराकडं निघाले. मी मागोमाग.

ओट्यावर एक म्हातारी बसली होती, कार्यक्रमाला निघालेली, डोक्यावर इरलं. आण्णा अंगणातच थांबले, उंबऱ्यापासून चांगले लांब. म्हणाले, "बाय, मूठभर पेंढा आन् इस्तू मिळंल का? हितंच वळचनीला शेकून घेतो."

"अन् बाहेर कशापायी?" म्हातारी म्हणाली. "पाऊस दिसना का तुमाला? आत या. चूल पेटलेली हाय."

आण्णा हलले नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नाही. म्हातारीनं पुन्हा हात हलवून बोलावलं, तेव्हा त्यांनी चपला काढल्या, पाय पुसले, आणि खाली मान घालून आत शिरले.

चुलीपुढं बसून त्यांनी पेंढ्याची चूड पेटवली आणि हलगी तिच्यावर धरली, वीतभर उंच, आणि फिरवत राहिले. एक क्षणही एका जागी नाही. "लई जवळ नेलं की फाटतंय," ते म्हणाले, माझ्याकडं न बघता. "आदी कडंकडंनं. मदी शेवटाला." मधूनच नखानं टिचकी मारायचे, कान लावायचे, पुन्हा फिरवायचे.

"आण्णा," मी म्हटलं, "हे तुम्हाला..."

"शिकल्तो."

"कुणाकडनं?"

"बापाकडनं. मार खाऊन. रक्तात न्हवतं." म्हणजे त्या दिवशी आतल्या खोलीत त्यांनी सगळं ऐकलं होतं. पेंढा विझत आला तसा त्यांनी दुसरा घातला. "सोळा-सतरा वर्साचा असंन. एका लग्नात असंच उतरलं, पावसात. त्यांच्या वळचनीला शेकाया गेलो, तर हाकललं. मंग उतरलेलंच वाजवलं, तर नीट वाजवीना म्हनून परत हाकललं. वरातीम्होरं." टिचकी मारली. ठण्ण व्हायला थोडं कमी होतं. "माझा हात चांगला हुता रं. आजूबाजूच्या चार गावांत तसा हात न्हवता."

मी पेंढ्याची मूठ त्यांच्या हाताशी सरकवली. म्हातारी चुलीत लाकूड सारत होती.

"वढ्यात तुझ्या आज्यानं न्हाई टाकलं," आण्णा म्हणाले. "मी टाकलं. वस्तीचं ठरलं त्याच दिशी, कुनी सांगायच्या आदी. बरं केलं. आजबी टाकीन." हलगी चुडीवर फिरवली. "पन आवाज कानातनं गेला न्हाई. तू गोदामात वाजवायचास ना, एक-दोन डाव मी रस्त्यावर हुबा राहून ऐकलंय. पान कच्चं ठेवतोस तू. उन्हावर कुटं चढतंय ते."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. पाच वर्षं मी पुढच्या रांगेत ज्यांना शोधत होतो, ते केडगावच्या रस्त्यावर उभे होते! आणि वर चूकसुद्धा काढून ठेवली होती.

त्यांनी शेवटची टिचकी मारली. ठण्ण. मग माझ्याकडून टिपरू आणि लांब काडी मागून घेतली, आणि तिथंच, चुलीपुढं बसल्या बसल्या, त्यांनी वाजवलं. फार नाही, मिनिटभर असेल. बोटं वाकडी झालेली, दोनदा काडी घसरली. पण त्या मिनिटात मला कळलं, की मी पाच वर्षं तोफा उडवत होतो, आणि वाजवणं हे असं असतं. भांडी थरथरत होती. म्हातारी पदर तोंडाला लावून हसली, "वाजिवता की वो बाबा!"

आवाज शेडपर्यंत गेला होता. आम्ही परत आलो तर सगळे उभे. मंडपवाल्यानं डोळ्यावरची पट्टी कपाळावर सरकवली होती. "आण्णा, आज हलगीला तुम्हीच!" तो ओरडला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, वाजवाच. पोरं टाळ्या पिटायला लागली, वाजवा, वाजवा. आणि खोटं का बोलू, मीही म्हणालो. मला तर सगळ्यांहून जास्त वाटत होतं. म्हटलं, "वाजवा ना, आण्णा."

आण्णांनी सगळ्यांकडं एकदा नीट बघितलं. पावसाकडं बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट पोरासारखं काहीतरी मिश्किल होतं, जे मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"न्हाई," ते म्हणाले. "आज माझी सुट्टी हाय."

बाईंनी तोंडावर हात धरला. गावातल्या लोकांना काही कळलं नाही. आण्णांनी हलगी माझ्या खांद्याला लावली, कड नीट बसवली. मग शेडच्या टोकाला गेले, पाण्याकडं तोंड केलेली ती खुर्ची उचलली, पोरांच्या पुढं आणून आमच्याकडं वळवून ठेवली, आणि पायावर पाय टाकून ऐसपैस बसले.

मी टिपरू धरून तसाच उभा होतो.

"तुला वाटलं तर वाजव," आण्णा म्हणाले. "न्हाईतर ऱ्हाऊ दे."

मला वाटलं. मी वाजवली.